पेडल किती दाबायचं

"म्हणजे तुम्ही घाबरलात," कंपनीचे वकील डेलेनी म्हणाले.

"नाही. मला शिकवलं होतं तेच मी केलं," डेनीस म्हणाली.

"मग पाय जरा दांडगे दिसतात तुमचे."

चौकशीच्या दालनात दोघे-तिघे हसले. डेनीस प्रुइट गेली अठरा वर्षं सहवैमानिक होती. अपघाताच्या दिवशी शिकागोहून वर चढताना तिचं विमान पुढच्या अवाढव्य विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडलं आणि एका अंगावर कललं. शेपटीचं सुकाणू फिरवायला डेनीसने पायाखालचं पेडल दाबलं. विमानाने असा हिसका दिला की तिने सावरायला दुसरं दाबलं, मग पुन्हा पहिलं. "पाय काढ, डेनीस!" कॅप्टन हार्लन व्होग्ट ओरडले. तिने पाय काढले आणि विमान स्थिरावलं. दोघांनी ते सुखरूप उतरवलंही. पण मागे उभी असलेली हवाईसेविका रोझलिन छतावर आदळली होती. तिचे पाय कायमचे गेले.

हार्लन उठून उभे राहिले. "हसताय कसले? जमिनीवर हेच पेडल चांगलं वीतभर दाबावं लागतं. वर वेगात असताना ते जेमतेम बोटभर हलतं, आणि तेवढ्यात सुकाणू टोकाला जातं. सांगितलं होतं कुणी आम्हाला? तुमचेच मास्तर 'पाय वापरा, पाय वापरा' म्हणून कानीकपाळी ओरडत होते!"

"कॅप्टन, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही," डेलेनी म्हणाले.

"विचारणारही नाही. म्हणूनच बोलतोय!"

त्यांना खाली बसवण्यात आलं.

जेवणाच्या सुट्टीत डेलेनींनी डेनीसला बाजूला घेतलं. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. "चूक मान्य करा. वर्षभरात परत घेतो तुम्हाला."

"आणि पेडलचं काय?"

"ते आम्ही बघू."

"कधी? एखादं विमान पडल्यावर?"

ती निघून आली. हार्लन जिन्यात उभे होते. "कबूल करून टाक, पोरी," ते म्हणाले. "मी काय, चार महिन्यांत घरी बसणार. तुझी नोकरी तरी वाचू दे."

"मी कबूल केलं, की विषय मिटला त्यांचा. मग उद्या दुसरी कुणी असंच पेडल दाबेल. तिच्या शेजारी तुम्ही नसाल."

हार्लननी बाजूला होऊन तिला वाट दिली.

अहवालात दोष डेनीसच्या पायांवर आला. पेडल फार हलकं आहे, हेही कुठेतरी शेवटाकडे लिहिलं होतं. कंपनीने तिला काढून टाकलं. पुढे वैमानिकांना 'पेडल जपून' असं शिकवायला सुरुवात झाली. ते तिला हार्लनच्या फोनवरून कळलं. "तुझं नावसुद्धा घेत नाहीत गं, हरामखोर," ते म्हणाले.

त्या रविवारी डेनीस रोझलिनला तळ्याकाठी घेऊन गेली. वारा बोचरा होता. पुलाच्या पलीकडे रस्ता एकदम खाली उतरत होता.

"सावकाश हं, कॅप्टन," चाकाच्या खुर्चीतून रोझलिन म्हणाली.

अठरा वर्षांत डेनीसला या नावाने कुणी हाक मारली नव्हती. तिने खुर्चीच्या मुठी घट्ट धरल्या, अंग मागे झुकवलं आणि ती उतार उतरायला लागली.