बेकरीवालीचं नाक

आजारातून ती उठली, पण वास घेणारं नाक काही परत आलं नाही. बेकरीत तिला सगळे 'नाकवाली' म्हणत, तेही कौतुकानं. पाव झाला की नाही, हे ती भट्टीकडे पाठ करून नुसत्या वासावरून सांगायची. नवी पोरं पाव उलटा करून ठोकायला लागली की फणकारायची, "नाक गहाण ठेवलंयस का रे?" आता तिचंच नाक बंद पडलं होतं. बेकरी उघडली की मालकाला ते कळणार, आणि मग खायचं काय?

बाहेर लॉकडाऊन, सगळं बंद. नर्स असलेली मुलगी हॉस्पिटलातच मुक्कामाला, त्यामुळे घरात ही आणि सात वर्षांची नात. नातीच्या तोंडाला खीळ नव्हती. पिठाला बुडबुडे कोण आणतं? यीस्टला झोप लागते का? आजी नुसतं "हं" म्हणायची. अंगात त्राणच उरलं नव्हतं.

घरच्या ओव्हनमध्ये ती पाव करून बघत होती. परवाचा जळून कोळसा झाला, म्हणून आजचा तिनं धास्तीनं लवकर काढला. वरून रंग बरा दिसला तशी ती खुर्चीत कोसळलीच.

नातीनं पावाजवळ कान नेला. "आजी, हा गप्प का? परवाचा जळका तर कुरकुरत होता."

"पाव बोलतो होय? डोकं नको खाऊ माझं."

पोरगी कसली ऐकते! फडक्यात धरून तिनं पाव उलटा केला आणि बोटानं ठोकला. "आत चिखल असल्यासारखा वाजतोय. असं का?"

आजी वैतागून उठली आणि तिनंही ठोकलं. ठप्प. पाव कच्चा होता. तिनं तो परत आत ठेवला. थोड्या वेळानं काढून ठोकला तेव्हा तो पोकळ, खणखणीत वाजला. मग जाळीवर गार होताना त्याचं कवच बारीक तडतडायला लागलं. इतकी वर्षं मिक्सरच्या घरघरीत हे तिला कधी ऐकूच आलं नव्हतं. त्या नव्या पोरांना हिणवल्याची तिला लाज वाटली, आणि या वयात पुन्हा पहिलीत बसायचं म्हणून थकवाही आला. मालकाला नाकाचं खरं सांगायचं तर त्याआधी कान तयार करायला हवे होते.

"तुला आणखी काय काय ऐकू येतं गं?" तिनं विचारलं.

नात बघतच राहिली. "आजी, तू मला विचारतेयस?"

"मग कुणाला विचारू?" आजी म्हणाली, आणि गुडघे धरत तिच्याशेजारी जमिनीवर बसली.