कार्डावर घातलेलं नाव

सापगावच्या कुंडलिक भेऱ्यांचा विश्वास जगात एकाच माणसावर होता, आणि तो माणूस म्हणजे स्वतः कुंडलिक भेरे. बाजारातून अंडी आणली तर एकेक अंडं उन्हाला धरून बघणार. दूधवाल्याच्या देखत दुधात बोट घालणार. त्यांची बायको अंबूबाई म्हणायची, "यांना देव भेटला तरी आधी आधारकार्ड मागतील."

अशा माणसाच्या घरात होणारा जावई कॉम्प्युटर जोडून देतो, म्हणजे काय रामायण घडलं असेल बघा.

मुलगी मिताली घरांची कामं करायची, म्हणजे कॉम्प्युटरवर. तानसाकडे, आटगावकडे जे बंगले उठतात ते बांधायच्या आधीच ती पडद्यावर उभे करायची, आतून-बाहेरून फिरवून दाखवायची. त्याला मशीन दणकट लागतं. मुरबाडचा सुनिल सुटे भाग आणून अशीच मशिनं जोडायचा. स्थळ चालून आलेलं, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, येत्या रविवारी साखरपुडा. मग मशीन दुसऱ्या कोणाकडून कशाला? सुनिलनं हौसेनं आणून टेबलावर ठेवलं, काचेतून निळे दिवे लागले, अंबूबाईनं हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्या दिवशी मितालीनं एक बंगला फिरवायला घेतला आणि पडदा काळाठिक्कर! आत पंखे मात्र घोंघावतायत.

"बघितलंस?" भेरे बायकोला म्हणाले. "मशीन असं, तर माणूस कसा असंल?"

मिताली फोनवर सुनिलला विचारून एकेक उपाय करत होती. पडद्याची वायर बदलली. आतलं सॉफ्टवेअर काढून परत घातलं. हिशेब, पत्रं, सिनेमा, सगळं सुरळीत चालायचं. बंगला फिरवला की अंधार. शेवटी सुनिल म्हणाला, "ग्राफिक कार्डाची भानगड वाटते. काढून खोक्यात ठेव. उद्या चारला येतो. नायच जमलं तर मुरबाडला नेऊन दुसऱ्या मशीनवर लावून बघतो."

भेरे बाजूला बसून सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

"कार्ड म्हंजे काय गो?"

"चित्र उमटवतं ते, बाबा. सगळ्यात महाग भाग तोच."

झालं! सगळ्यात महाग भाग, आणि नेमका तोच मुरबाडला जाणार. नवं कार्ड न्यायचं, तसंच दिसणारं जुनं आणून बसवायचं, वर सांगायचं की दुरुस्त झालं. भेऱ्यांचा पाण्याचा पंप एकदा असाच कोणीतरी बदलला होता. तेव्हापासून 'दुरुस्ती' म्हटलं की त्यांचं डोकं सणकायचं. पण पंपाचं सोडा. जो आज कार्ड बदलेल तो उद्या पोरीला कसा वागवेल? एकुलती एक पोर, आणि ती या गोडबोल्याच्या हाती द्यायची? रात्री जेवताना त्यांनी हे सगळं बायकोला ऐकवलं.

"चोराच्या वाटा तुमालाच बऱ्या ठाऊक," अंबूबाई म्हणाली. भेऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चोर पकडायचा तर खूण हवी, पुसता येणार नाही अशी.

दुसऱ्या दिवशी मिताली एका जागेची मापं घ्यायला आटगावला गेली. इकडे भेऱ्यांनी कार्डाचं खोकं पिशवीत घातलं आणि शहापूरच्या बाजारात भांड्यांचं दुकान गाठलं. लग्नातल्या हंड्या-कळशांवर सगळे तिथंच नावं घालून घेतात. नाव घालणारा नवसू एका पातेल्यावर टोकदार मशीन घर्रर्र फिरवत होता. त्यानं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं.

"काका, हे भांडं नाय."

"तुला नाव घालता येतं ना? मग घाल."

"मागं बारीक बारीक रेघा हायत. नाजूक वाटतंय."

"रेघांशी तुला काय करायचंय? मोकळी जागा बघ नि लिही. कुं. रा. भेरे, सापगाव."

नवसूनं खांदे उडवले आणि घातलं. काय वळणदार अक्षर! मिताली परतायच्या आत खोकं जागच्या जागी होतं. आता बदल म्हणावं कार्ड, भेरे मनात म्हणाले, बघतोच तुला.

चारला सुनिल आला. येताना स्वतःचं एक कार्ड घेऊन आला होता. हे कशाला? भेरे खुर्ची ओढून त्याच्या हातांसमोरच बसले.

"आधी माझं लावतो," सुनिल म्हणाला, "म्हंजे दोष मशीनचा का कार्डाचा ते कळंल." आणि कार्डाला वीज देणारी वायर हातात घेऊन त्यानं कपाळावर हात मारला. "चूक माझीच, काका. हिची पिन वाकलीय. घट्ट बसतच नव्हती. जोर पडला का वीज तुटायची." त्यानं दुसरी वायर लावली. बंगला दहा मिनिटं गरागरा फिरला, पडदा एकदाही काळा पडला नाही. "तुझं कार्ड चांगलंच असणार," तो मितालीला म्हणाला.

मग त्यानं तिचं कार्ड लावलं. काही नाही. परत काढून लावलं. तरी अंधार. तेव्हा त्यानं ते काढून पालथं केलं.

कोरलेल्या अक्षरांवरून, त्यांच्याखाली तुटलेल्या बारीक रेघांवरून त्यानं एकदा नख फिरवलं. मान वर करून एकदा भेऱ्यांकडे बघितलं. आणि कार्ड खोक्यात घालून खोकं आपल्या पिशवीत टाकलं.

"काय झालं?" मिताली म्हणाली.

"गेलंय. पीसच खराब आला असंल. दुसरं आणतो मी."

"दाखव."

"नको. काय बघायचंय त्यात?"

मितालीचे डोळे बारीक झाले. "आत्ता म्हणालास चांगलं हाय. आता खराब? आणि लपवतोस कशाला? जुनं दिलं होतंस काय मला?"

"आणतो म्हटलं ना दुसरं."

"बाबा," मिताली म्हणाली, "रविवारचं राहू दे. कळव त्यांच्या घरी."

घ्या! इतके दिवस भेऱ्यांना हेच तर हवं होतं. तरी त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा पोरगा आपल्याला वाचवतोय का? बदल्यात मागेल काय? त्याच्या चेहऱ्यावर त्यांनी कावा शोधला. पोरगा मान खाली घालून स्क्रू गोळा करत होता आणि त्याचे डोळे भरले होते. दुसरं काही तिथं नव्हतं. भेऱ्यांना जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

"दाखव रे तिला."

"ऱ्हाऊ द्या, काका."

"दाखव म्हणतो ना!"

मितालीनं वाचलं. अंबूबाईनं वाचलं आणि "अगं बाई!" म्हणून पदर तोंडाला लावला.

"मीच घालून घेतलं," भेरे म्हणाले. "तू बदलशील म्हणून."

मितालीनं कार्ड टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "मला सासरी धाडशील तेव्हा माझ्यावर पण नाव घालून घेशील काय रे, बाबा?"



सुनिलनं पिशवी उचलली. "काका, रविवारी आमची माणसं येतील का नाय ते मी आज सांगत नाय. कार्ड कसं गेलं ते आई विचारंल. तुमच्यासाठी एकदा खोटं बोललो. तिच्याशी नाय बोलता यायचं."

"तू नको बोलू. मी सांगतो तिला," भेरे म्हणाले आणि चपला शोधू लागले. "आत्ताच येतो मुरबाडला, तुझ्या संगती."

सुनिलनं अंगणात मोटारसायकल वळवून उभी केली.

"हेल्मेट एकच हाय," तो म्हणाला, आणि ते त्यानं भेऱ्यांच्या हातात दिलं.

ते त्यांना घट्ट होत होतं. कान दुमडून त्यांनी ते तसंच घातलं आणि त्याच्या मागं बसले.