चेनला काय लावायचं

फिटरच्या तोंडून शब्द उलटेपालटे यायला लागले त्याला पाच आठवडे झाले, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या बायकोची सायकल कुरकुरायला लागली.

फिटर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं त्यानं पंप उघडले आणि परत जोडले, त्यामुळे खरं नाव लोक कधीच विसरून गेले होते. बायको दवाखान्याच्या धुलाईघरात. वाफेच्या मोठ्या रुळांत ओल्या चादरी सोडायच्या आणि पलीकडून कडक घड्या उचलायच्या, हे तिचं काम, म्हणून तिथे सगळे तिला इस्त्रीबाई म्हणत. घर किनाऱ्याला लागून, दवाखाना सहा किलोमीटरवर, मधली सगळी वाट वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूची. कामाची पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची आणि पहिली बस साडेसहाला यायची. म्हणजे सायकलीवाचून गत्यंतर नव्हतं.

एका दुपारी जेवता जेवता फिटरच्या हातातला घास खाली पडला. त्यानं तो उचलायला हात पुढे केला तर हातच उठेना. दवाखान्यातून घरी आला तो उजवा हात मांडीवर ठेवून, जणू कुणी दुसऱ्यानंच तो तिथे ठेवून दिलाय. पायही लुळावला होता, तो हळूहळू सुधारत होता. पण बोलणं! डॉक्टर म्हणाले, "डोकं शाबूत आहे त्यांचं. त्यांना सगळं कळतंय. फक्त शब्दांची कपाटं एकमेकांत सांडलीत."

ती कपाटं अशी सांडली होती की चष्म्याला तो चमचा म्हणे. बायकोला दादा म्हणे. पाणी हवं असलं की "बस, बस" म्हणे आणि ग्लास पुढे केला की गटागटा पिऊन टाके. इस्त्रीबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला यादीच केली होती: चमचा – चष्मा. दादा – मी. बस – पाणी, कधी कधी चहा. फिटरची धाकटी बहीण दिवसभर त्याच्याजवळ थांबायला म्हणून येऊन राहिली होती. तीही यादीत भर घालायची.

गोंधळ हा की तो दर वेळी चुकत नसे. सगळंच उलटं असतं तर निदान उलट्याचं सुलट करून घेता आलं असतं. पण "खिडकी लाव" म्हणाला की खरंच खिडकी लावायची असायची, आणि त्याच दमात "माझा घोडा आण" म्हणाला की ती चप्पल असायची. हो आणि नाहीचं तर विचारूच नका. तोंडानं "हो" म्हणत तो मान नकारार्थी हलवायचा. आता जिभेचं ऐकायचं की मानेचं?

"वन्सं, तुम्ही कशावर विश्वास ठेवता?" इस्त्रीबाईनं नणंदेला विचारलं होतं.

"मी दोन्ही बघते आणि मला वाटतं ते करते," नणंद म्हणाली. "लहानपणीही मी हेच करायचे, वहिनी."

तर सायकल. दर रविवारी मागच्या अंगणात फिटर ती उलटी करून तिच्याशी काहीतरी करत बसायचा. काय करायचा ते इस्त्रीबाईनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी सायकल म्हणजे टांग मारायची आणि निघायचं. आता पाच रविवार सायकलीला कुणाचा हात लागला नव्हता. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं हँडलवर तांबूस ठिपके उठले होते आणि चेन दर फेऱ्याला कण्हत होती.

कोपऱ्यावरचा सायकलवाला आता जास्त करून मोबाइलची कव्हरं विकायचा. तरी त्यानं बाकाखालून डबा काढला आणि चेनवर दाट काळं तेल ओतलं. दोन दिवस सायकल गप्प. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरची सगळी वाळू त्या तेलाला चिकटली आणि चेन जात्यासारखी दळायला लागली.

शेजारचे बेकरीवाले म्हणाले, "ते काळं तेल कशाला घातलंत? मी पावाच्या साच्यांना खायचं तेल लावतो. एक साचा कधी अडकत नाही बघा." तिनं खायचं तेल लावलं. आठवड्यात ते सुकून डिंकासारखं झालं. मग नणंदेनं भांड्याच्या साबणानं चेन खसाखसा घासून दिली, वर डोक्याला लावायचं तेल चोपडलं. चेनला वास छान येत होता, पण आतल्या कड्यांत साबणाचं पाणी राहिलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सांध्यासांध्यातून गंज डोकावला. एक ना धड, भाराभर चिंध्या.

त्या गुरुवारी दवाखान्याच्या अलीकडे तीन किलोमीटरवर चेन उडाली आणि मागच्या चाकात अडकून बसली. इस्त्रीबाई गुडघ्यावर आपटली. उठली, चेन ओढून बघितली, ती हलेना. मागचं चाक उचलून धरत तिनं सायकल तशीच पुढे नेली. धुलाईघरात पोचली तेव्हा चादरींचा ढीग तिच्या खांद्याएवढा झाला होता आणि मुकादमबाई घड्याळाकडे न बघता तिच्या गुडघ्याकडे बघत होती.

"घरी सगळं ठीक ना?" मुकादमबाईनं विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि आपली मान कुठल्या दिशेला हलली हे तिचं तिलाच कळलं नाही.

सुटी झाल्यावर दवाखान्याच्या गाडीवाल्यानं तिला सायकलीसकट घरी सोडलं. ती सरळ फिटरपुढे जाऊन उभी राहिली.

"अहो, चेनला काय लावायचं?"

फिटरनं तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग काळ्या हातांकडे. बराच वेळ तो ओठांशी झगडला आणि अगदी स्वच्छ म्हणाला, "मेणबत्ती."

"दादाला अंधारलंय," नणंद म्हणाली आणि तिनं दिवा लावला.

"मेणबत्ती," फिटर म्हणाला.

इस्त्रीबाईनं बॅटरी आणली. काड्यापेटी आणली. शिवणयंत्राच्या तेलाची लांबट बाटली पांढरी असते, मेणबत्तीसारखी दिसते, म्हणून तीही आणली. "हे का?"

"हो," तो म्हणाला आणि मान जोरानं नाही नाही हलवली.

"बघा, हेच म्हणतायत," ती म्हणाली.

"मान बघ ना, वहिनी."

"पण हो म्हणाले की."

"हो, हो, हो," फिटर ओरडला, डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवला आणि तोंड फिरवून बसला. रात्री जेवलाही नाही धड. इस्त्रीबाईनं यादीत लिहिलं, मेणबत्ती –, आणि पुढची जागा कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी ती बसनं गेली आणि पुन्हा उशिरा पोचली. शनिवारी बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शब्दांच्या मागे लागू नका. वस्तू समोर मांडा. हात काय उचलतो ते बघा."

बाई गेल्यावर इस्त्रीबाईनं मोठा ट्रे काढला आणि घरातलं जे जे ओशट, बुळबुळीत किंवा उग्र होतं ते सगळं त्यात मांडलं. खायचं तेल, डोक्याचं तेल, शिवणयंत्राचं तेल, रॉकेल, व्हिनेगर, ओठांना लावायची पेट्रोलियम जेली, साबण. नणंदेनं गमतीनं आपली लाल नेलपॉलिशची बाटलीही ठेवली. ट्रे फिटरच्या मांडीवर आला. त्यानं डाव्या हातानं एकेक वस्तू अलगद सरकवायला सुरुवात केली. तिन्ही तेलं आणि साबण एका बाजूला. रॉकेल, व्हिनेगर, जेली दुसऱ्या बाजूला. नेलपॉलिश हातात धरून थोडा विचार केला, तीही दुसऱ्या बाजूला.

"हे नको, हे हवं?" इस्त्रीबाईनं विचारलं.

ट्रेमध्ये मधोमध उरलेल्या रिकाम्या जागेवर त्यानं बोट ठेवलं. "मेणबत्ती."

"अहो, मेणबत्ती कशाला? दिवे आहेत की घरात," ती चिडून म्हणाली. इतक्या आठवड्यांत ती पहिल्यांदाच त्याच्यावर चिडली होती. मग तिला वाईट वाटलं आणि निदान तो गप्प तरी बसेल म्हणून तिनं मीटरखालच्या खणातून अर्धी जळलेली मेणबत्ती आणली आणि ट्रेमध्ये आपटलीच म्हणा ना.

फिटरनं ती उचलली. नखानं थोडं मेण खरवडलं, दोन बोटांत चोळलं, बोटं बायकोच्या नाकासमोर धरली. मग तो खुर्चीत मागे टेकला आणि त्यानं डोळे मिटले. वाट बघून बघून थकलेल्या माणसाची गाडी एकदाची यावी तसा.

"मेणबत्ती म्हणजे मेणबत्तीच?" नणंद हळूच म्हणाली.

रविवारी त्यांनी फिटरची खुर्ची मागच्या अंगणात नेली. सायकल उलटी केली. तो डाव्या हातानं दाखवायचा आणि इस्त्रीबाई करायची. चेन जोडणारी कडी पकडीनं सोडवली. रॉकेलात चेन बुडवून जुन्या टूथब्रशनं घासली. तीन तेलं आणि त्यांत अडकलेला अर्धा किनारा बाहेर आला. मग चेन उन्हात ठणठणीत वाळवली. हँडलवरचे तांबूस ठिपके व्हिनेगरच्या फडक्यानं पुसले, कोरडे केले, वर जेलीचा पातळ हात फिरवला. सीटखालच्या नळीला आणि बोल्टांनाही जेली. उत्साहाच्या भरात ती चाकाच्या कडेला जेली लावायला गेली तर फिटरनं तिच्या हातावर चापट मारली आणि ब्रेकचा दांडा दाबून दाखवला. तिथे बुळबुळीत झालं तर ब्रेक लागायचाच नाही. जिथे रंग उडून लोखंड दिसत होतं तिथे नणंदेनं नेलपॉलिशचे ठिपके दिले, जीभ दाताखाली धरून.

शेवटी गरम पाण्याच्या पातेल्यात जुना डबा ठेवून मेण वितळवलं आणि चेन त्यात सोडली. गार झाल्यावर ती काठीसारखी ताठ झाली. इस्त्रीबाई घाबरली. फिटरनं तिच्याकडून ती बोटांनी कडी न् कडी वाकवून घेतली, जादाचं मेण पुसायला लावलं. चेन बसवली, पॅडल फिरवलं. आवाज नाही.

सोमवारी वाळूच्या वाटेवर तिला उमगलं. मेण कोरडं, वाळूला चिकटायला काही उरलंच नव्हतं. एवढी वर्षं हा माणूस दर रविवारी मेण वितळवत होता आणि ती म्हणत होती, घरातल्या मेणबत्त्या संपतात कुठे कोण जाणे. आता सायकल अशी गुपचूप पळत होती की तिला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिला भिंतीवरची यादी आठवली. मेणबत्ती मेणबत्तीच होती, तर बाकीचं काय?

तीन वाजता घरी येऊन तिनं कॅलेंडर उतरवलं. यादीत खालून तिसरी ओळ होती, भूक – झोप. पहिल्याच आठवड्यात तो दुपारी "भूक" म्हणाला होता. जेवण नुकतंच झालं होतं, म्हणून तिनं त्याला निजवलं होतं आणि तो निमूट झोपला होता. तेव्हापासून रोज दुपारी तो भूक म्हणायचा आणि त्या दोघी त्याच्या अंगावर पांघरूण घालायच्या.

"भूक," फिटर त्या दिवशीही म्हणाला.

नणंद पांघरूण घेऊन आली. इस्त्रीबाईनं तिला हातानं थांबवलं आणि पावाचे दोन तुकडे लोणी लावून त्याच्यापुढे ठेवले. त्यानं ते खाल्ले. तिसरा दिला, तोही खाल्ला. दोघी नणंदा-भावजया एकमेकींकडे बघेनात.

"अहो, तुम्हाला रोज भूक लागत होती?"

"नाही," फिटर म्हणाला आणि त्याची मान मात्र अजिबात हलली नाही.

"बघ, नाही म्हणाला," नणंद घाईनं म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

इस्त्रीबाईनं यादी फाडून टाकली आणि दुपारचं खाणं सुरू केलं. आधी तो म्हणेल तेच द्यायचं, अर्थ नंतर लावायचा, असं दोघींनी ठरवलं. तसा एकदा चप्पल मागताना तो घोडा म्हणाला तेव्हा दोघी थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. हळूहळू त्याची वाचा थोडी सुधारली. बायकोला तो दादा म्हणायचा थांबला आणि "अगं" म्हणायला लागला. सायकल दर रविवारी अंगणात निघायची. एका रविवारी त्यानं उजव्या हातानं फडकं दोन मिनिटं धरून ठेवलं.

एका सकाळी ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत काठी टेकत आला. आभाळ निरभ्र होतं, दाराबाहेर चांदण्या अजून दिसत होत्या.

"पाऊस," तो म्हणाला.

"पाऊस येईल म्हणता?"

"पाऊस," त्यानं सायकलीच्या हँडलवर हात ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिला. त्याला घाई होती असं वाटलं, किंवा भीती, किंवा नुसतंच काहीतरी द्यायचं होतं.

ती परत आत गेली, रेनकोट आणला, त्याच्यासमोर घडी करून कॅरिअरला बांधला. "हेच ना?" फिटरनं मान हलवली, हो आणि नाहीच्या मधेच कुठेतरी. ती निघाली.

दिवसभर कडकडीत ऊन पडलं. धुलाईघराच्या खिडकीतून ती दर थोड्या वेळानं आभाळ बघत होती. मुकादमबाईनं विचारलं, "काय बघतेस?" ती म्हणाली, "काही नाही, पाऊस येतोय का बघते." दुपारी घरी येऊन तिनं त्याला विचारून पाहिलं, वस्तू मांडून पाहिल्या, छत्रीपासून बादलीपर्यंत. त्यानं एकाही वस्तूला हात लावला नाही. तेव्हा पाऊस म्हणजे काय म्हणायचं होतं ते तिला कधीच कळलं नाही. पण रेनकोट मात्र तिनं कॅरिअरवरून काढला नाही.