रेतीचा आकडा

त्या आठवड्यात माझं डोकं पार भंजाळून गेलं होतं.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत छताला टेकेल असा एक पारदर्शक पाइप आहे. खालून ब्लोअरची हवा येते, तिच्याबरोबर रेती वर उडते आणि बाजूच्या पाइपातून पुन्हा खाली येते. तीच रेती महिनोन्‌महिने फिरत असते. कुठल्या जागी किती रेती आहे हे मोजायला पेन्सिलीएवढी स्टीलची दांडी पाइपात घालायची. तिच्या टोकातून उजेड निघतो, रेतीच्या कणांवर आपटून परत येतो. कण जास्त, तर परतणारा उजेड जास्त. इतकं सोपं! निदान मला तसं वाटत होतं.

माझा सीनियर गंधार भैया याच पाइपावर पीएचडी करत होता. हवा वाढवली की रेती विरळ होते हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण ती पुस्तकात म्हणतात त्याहून फार झपाट्याने विरळ होते, असं भैयाने दाखवलं होतं. सोमवारी त्याचा प्रबंध जमा होणार होता आणि त्यावरच त्याची पुण्यातली नोकरी अडली होती.

मला माझं काम सुरू करण्याआधी त्याची मोजणी एकदा पडताळून बघायची होती, बस. मी सगळ्यात कमी हवा सोडली. रेती डोळ्यांना चांगली दाट दिसत होती. दांडीचा आकडा मात्र भैयाच्या सगळ्यात जास्त हवेच्या आकड्याएवढा!

मी खिडकीवर काळं कापड टाकलं. दिवा बदलला, वायर बदलली, दांडीचं टोक पुसलं, तिला नमस्कारही केला. आकडा हलेना. मग मनाला येईल तसे वेग घेतले, आज जास्त, उद्या मधला. सगळे आकडे कमीच, आणि हवेबरोबरची घट अगदी पुस्तकातल्यासारखी बेताची. आमचे गाइड वासुदेव सर म्हणाले, "तुझा हात बसला नाही अजून." दांडी शिकंज्यात घट्ट बसवलेली असते, तिथे माझा हात काय करणार, हे सरांना कोण सांगणार!

भैया तर वैतागलाच.

"तू काहून अशा उड्या मारून राहिली, देवश्री? मी कसा एकेक वेग संपवत गेलो, कमीपासून जास्तीपर्यंत. आठ महिने! काम असं करतात, पोट्टी."

खरं होतं. मी वेंधळीच. पण पाइप तोच, दांडी तीच, रेतीही तीच, मग चुकत कुठे होतं?

शेवटी चिडून मी पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडला आणि मूठभर रेती काढली. तळहात काळा झाला. उरल्याच्या धूर ओकणाऱ्या कारखान्यांजवळ राहणाऱ्याला त्याचं नवल नाही. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोट फिरवा, तेच होतं. मी हात धुवायला निघाले आणि वाटेतच थांबले. कोपऱ्यात रेतीचं एक न उघडलेलं पोतं होतं. ते फाडून त्यातली रेती दुसऱ्या हातावर घेतली. ती पिवळसर, स्वच्छ होती. पाइपातली राखाडी.

ब्लोअर बाहेरची हवा ओढतो. दर महिन्याला रेतीवर थोडी काजळी बसत गेली. काळवंडलेला कण उजेड कमी परतवतो आणि दांडीला वाटतं, कणच कमी आहेत. भैयाने दांडीचं माप नव्या रेतीवर एकदाच बसवलं होतं. मग तो हवा वाढवत गेला आणि रेती काळी पडत गेली. त्याच्या आकड्यांत हवेचं किती आणि काजळीचं किती, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं.

कोडं सुटल्याचा आनंद झाला नाही. याच भैयाने मला दांडी बसवायला शिकवलं होतं.

मी मुठी मिटून त्याच्या टेबलाशी गेले. बांधून आलेल्या प्रती तो पिशवीत भरत होता. मी मुठी उघडल्या आणि सगळं सांगितलं. तो कधी या हाताकडे, कधी त्या हाताकडे बघत राहिला.

"सरले सांगतलं?"

"नाही."

"अजून कोनाले?"

"कोणालाच नाही."

"सोमवार जाऊ देऊन मंगळवारी सांगतलं असतं तर? दोन-तीन दिवसांचाच तर प्रश्न होता." त्याचा आवाज फाटला. मग त्याने उरलेल्या प्रतीही पिशवीत टाकल्या. "जा, हात धुऊन टाक."

मी नळ सोडला. पाणी वाहत राहिलं. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. हात काही पाण्याखाली जाईनात. नळ मनगटाने बंद करून मी निघाले. मी भैयाचं वाटोळं करतेय की भलं, मला अजिबात कळत नव्हतं. दोन्ही मुठी भरलेल्या होत्या, म्हणून सरांच्या खोलीचं दार मी कोपराने ढकललं.