खालच्या हॉटेलची बाग

खालच्या हॉटेलच्या दारावरचा पिवळा कागद लोर्ना प्रिचर्डने तीनदा वाचला. पहिल्यांदा रस्ता ओलांडताना, मग पोस्टातून परत येताना आणि तिसऱ्यांदा चष्मा लावून, थेट दाराशी उभं राहून. केरिन डॉबलने मागच्या बागेत रात्री दहापर्यंत दारू देण्याची परवानगी मागितली होती. कुणाची हरकत असेल तर अठ्ठावीस दिवसांत कळवावी, असं खाली लिहिलं होतं.

लोर्नाची हरकत तर केरिनने त्या हॉटेलचं कुलूप काढलं त्या दिवसापासून होती.

यारांबी गावात बार असलेली हॉटेलं दोनच. गव्हाच्या कोठारांकडचं ते वरचं आणि रेल्वे फाटकाकडचं ते खालचं. पाट्यांवर त्यांची नावं होती, पण ती कुणी घेत नसे. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं वरच्या हॉटेलचा परवाना लोर्नाच्या एकटीच्या नावावर होता. खालचं सहा वर्षं बंदच होतं, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. तीन वर्षांपूर्वी ते चालवायला कुणी घ्यावं, तर केरिनने! जी अकरा वर्षं लोर्नाच्या बारमागे उभी होती. ग्लास किती तिरपा धरायचा, फेस किती ठेवायचा, भांडण पेटायच्या आधी वास कसा घ्यायचा, सगळं लोर्नाने हाताला धरून शिकवलेलं.

आता दर गुरुवारी खालच्या हॉटेलात मेंढीच्या नळ्या शिजत आणि त्यांचा वास रस्ता चढून वर येई. लोर्नाच्या बारमध्ये पोरंबाळं घेऊन कधी कुणी आलं नाही. केरिनकडे शनिवारी दुपारी लहान मुलांच्या सायकलींची रांग लागे. लोर्ना वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यातून त्या सायकली मोजी. मोजायच्या नाहीत असं रोज ठरवी आणि रोज मोजी.

तिने हरकत लिहून पाठवली. आवाजाचा त्रास, शेजारचं चर्च, फाटकाजवळ वाहनांची गर्दी, अशी तीन कारणं दिली. चौथं कारण लिहिण्यासारखं नव्हतं.

"सही केलीस?" मर्व्ह हॅलिगनने विचारलं. सत्तरी पार केलेला हा माणूस. उमेदीची वर्षं मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेली आणि गेली तीस वर्षं लोर्नाच्या बारच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर.

"केली. भिते का मी कुणाला?"

"मालकीणबाई, चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रार्थना होते. तीही सकाळी दहाला."

"तू कुणाच्या बाजूचा आहेस रे?"

"मी बिअरच्या बाजूचा," मर्व्ह म्हणाला. जरा थांबून त्याने पुस्ती जोडली, "आणि गुरुवारी नळ्यांच्या."

लोर्ना हसली नाही. गुरुवारी ते कोपऱ्यातलं स्टूल रिकामं असे आणि त्या रिकाम्या स्टुलाकडे बघवत नसे. नवरा गेला त्या वर्षी मर्व्ह रोज संध्याकाळी येऊन बसायचा. बोलायचा नाही, नुसता बसायचा. त्या बसण्यावर आपला हक्क आहे, असं लोर्नाला वाटायला लागलं होतं.

चौथ्या आठवड्यात परवाना निरीक्षक हेदर विल्मॉट बागेची पाहणी करायला येणार, अशी बातमी आली. वार गुरुवारच होता, वेळ दुपारी तीनची. नेमका दोन दिवस आधी मर्व्हचा म्हातारा कुत्रा मेला होता. गुरुवारी सकाळी अकरालाच तो वर आला, टोपी न काढता बसला आणि म्हणाला, "दे."

एरवी पाचव्या ग्लासानंतर लोर्ना त्याच्यापुढे चहाचा मग आपटायची. झिंगलेल्याला आणखी द्यायची नाही, हा कायदा तिच्या बारमागे फ्रेममध्ये टांगलेला होता, पण तिला तो वाचावा लागत नसे. त्या दिवशी तिने सहावा भरला. मग रम दिली. "कुत्र्याच्या नावाने," असं म्हणून आणखी एक. मर्व्हची जीभ जड झाली, कोपर बारवरून दोनदा घसरलं. लोर्नाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीनला दहा कमी होती.

"जेवला नाहीस ना?" ती म्हणाली. "जा, खाली जा. आज नळ्या आहेत. तिला म्हणावं, ग्लास भर आधी."

हे बोलताना आपला आवाज किती गोड झालाय, हे तिलाच ऐकू आलं.

ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. उन्हात रस्ता पांढरा पडला होता. मर्व्ह तोल सावरत उतारावरून खाली गेला. बागेच्या फाटकाशी निरीक्षकबाई हातात कागद घेऊन उभ्या होत्या आणि केरिन त्यांना कुंपण दाखवत होती. भर ग्लास, लोर्ना मनात म्हणाली. तीन वर्षांचं गिऱ्हाईक आहे तुझं, नाही कशी म्हणशील?

केरिन पुढे झाली. मर्व्हचा दंड धरून तिने त्याला सावलीतल्या बाकावर बसवलं, टोपी काढली, पाण्याचा जग आणला. मर्व्ह हात उडवत काहीतरी मागत होता आणि ती मान हलवत होती. नाही. नाही. मग तो चिडून उठला. त्याचा पाय बाकाच्या पायात अडकला आणि तो दगडी पायरीवर तोंडावर आपटला.

लोर्ना जिना कशी उतरली, रस्ता कसा ओलांडला, ते तिला नंतर आठवलं नाही. ती पोचली तेव्हा मर्व्हचं डोकं केरिनच्या मांडीवर होतं आणि केरिनचा पांढरा ॲप्रन कपाळावर दाबलेला, लाल झालेला. अशा वेळीसुद्धा लोर्नाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की डोकं हिच्या मांडीवर का?

"कुठे प्यायलात तुम्ही?" निरीक्षकबाईंनी वाकून विचारलं.

"घरी," मर्व्ह म्हणाला. "माझ्या घरी. एकटाच."

केरिनने मान वर करून लोर्नाकडे पाहिलं. तो कोणत्या रस्त्याने आला होता, हे तिने पाहिलं होतं. बोलली असती तर तिथल्या तिथे हिशेब चुकता झाला असता. पण ती गप्प राहिली आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कीव होती. बाग देईन, गिऱ्हाइकं देईन, पण हिच्या कीवेवर जगणार नाही, असं लोर्नाला वाटलं.

"घरी नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे प्यायला. झिंगल्यावरही मी दिली. आणि मीच इकडे पाठवला."

"का?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही इथे होतात म्हणून."

मर्व्हने डोळे मिटून घेतले.

त्याला सात टाके पडले. लोर्नाला दंड झाला, लेखी ताकीद मिळाली आणि शहरात जाऊन दारू जबाबदारीने कशी द्यावी याचा वर्ग पुन्हा करावा लागला. एकसष्टाव्या वर्षी ती एकोणीस वर्षांच्या पोरींच्या रांगेत बसली. तिची हरकत फेटाळली गेली. केरिनला बाग मिळाली, पण नऊपर्यंतच.

तीन आठवडे मर्व्ह वर फिरकला नाही. चौथ्या सोमवारी आला आणि स्टुलावर बसला.

"सहावा दिलास तेव्हाच कळलं होतं मला," तो म्हणाला. "तू सहावा कधी देत नाहीस."

"मग प्यायलास कशाला?"

"तू दिलास म्हणून."

लोर्ना वळून बराच वेळ कोरडेच ग्लास पुसत राहिली. "माझं चुकलं, मर्व्ह," ती त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली.

"हं," मर्व्ह म्हणाला. "बिअर दे. हलकी."

बाग सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी लोर्नाने बार दुपारपुरता बंद केला आणि ती खाली गेली. फाटकाशी क्षणभर थबकली. द्राक्षवेलीखाली सगळी टेबलं भरली होती. केरिनने तिला पाहिलं, हातातल्या थाळ्या पोचवल्या आणि मर्व्हच्या शेजारी एक खुर्ची ओढली.

"बस. काय आणू?"

"नळ्या," लोर्ना म्हणाली. "आणि हरकत लिहिली ती मीच."

"सही ओळखते तुझी," केरिन म्हणाली आणि आत गेली.

नळ्या आल्या. मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. लोर्नाने मीठ कमी आहे का ते पाहिलं, जास्त आहे का ते पाहिलं. दोन्ही नव्हतं. "कशा आहेत?" मर्व्हने विचारलं.

"गप्प जेव," लोर्ना म्हणाली आणि तिने पाव रश्श्यात बुडवला.