टेकलेला हात

लीलाधर सरांची वही म्हणजे जळगावच्या स्केटिंगची पोथी. शहाऐंशी साली सर पुण्याला राज्यस्पर्धा बघून आले, पहिल्या आलेल्या मुलीची हालचाल न् हालचाल वहीत उतरवून घेतली, आणि तेव्हापासून शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर चार चाकांवर चढलेली प्रत्येक पोरगी तेच करायची. दोन गिरक्या, एक उडी, मग डावा हात जमिनीला टेकून उठायचं. हात का टेकायचा, असं विचारणारी एकटी मेहरुन, कय्युम पिंजाऱ्याची लेक. सर म्हणायचे, तुला शिकायचंय की शिकवायचंय?

चौऱ्याण्णव साली धुळ्याला निवड होती. पुण्याला जाणार एकच मुलगी. सरांच्या तिघींपैकी दोघीजणी झोकात फिरल्या आणि झोकात हात टेकून उठल्या. पुण्याहून आलेल्या तरुण परीक्षक बाईंनी सरांना जवळ बोलावलं. तुमच्या दोन्ही मुली तिथंच का अडखळतात, असं त्यांनी विचारलं. सरांनी अभिमानानं शहाऐंशी सालची स्पर्धा सांगितली.

बाई म्हणाल्या, "अहो सर, ती मुलगी मीच. तिथं माझा पाय घसरला होता."

सरांचं तोंड एवढंसं झालं. आठ वर्षं त्यांनी एका घसरण्याची घोकंपट्टी करून घेतली होती.

मेहरुन स्केटचे पट्टे आवळत होती. सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "हात टेकू नकोस."

"आणि बाकीचं, सर?"

"तुझं तू बघ."

ती निघाली. डावा हात तिनं पुढे असा धरला, जणू बापाची कापूस पिंजायची कमान त्यात आहे, आणि उजव्या हातानं तिच्या तारेवर ठोका दिला. त्या ठोक्यासरशी ती उडाली, खाली आली ती गिरकी घेतच, आणि बोटं अशी सुटत गेली की मैदानभर कापूस उडतोय असं वाटावं. शेंगदाणे खाणारी माणसं खायची थांबली. सरांचा हात सवयीनं वहीकडे गेला आणि तिथंच राहिला. आपल्या डोळ्यांदेखत असं काही घडतंय, यावर त्यांचा विश्वास बसेना. डोळे भरून आले तरी त्यांनी पुसले नाहीत. तेवढ्यात काही निसटलं असतं.

निवड मेहरुनची झाली. बाई धावतच सरांकडे आल्या. हे तुम्ही कुठून आणून शिकवलंत, त्यांनी विचारलं.

"मी नाही शिकवलं," सर म्हणाले. एवढ्या ताठ मानेनं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.