आत आलेली वस्तू

कुलूपभाऊ दमले होते, आणि दमायला त्यांना तीस वर्षं लागली हेच नवल. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून कुलूपभाऊ. वाचनालयामागच्या दोन खोल्यांत गावाचं संग्रहालय सुरू झालं तेव्हा जुडग्यात दोन किल्ल्या होत्या. आता इमारत तीन मजली झाली आणि किल्ल्या एकेचाळीस. किल्ल्या वाढत गेल्या, सांभाळणारा एकच राहिला.

सुरुवातीला मांडायला वस्तूच नव्हत्या. रिकामी कपाटं बघायला कोण येणार? म्हणून भाऊंनी घरातलंच सामान उचलून आणलं. तराजू आणला, पितळी डबे आणले, आणि वडिलांची उंच बैठकीची, रुंद हातांची लाकडी खुर्ची आणली. बायको तेव्हा तरणीताठी होती. म्हणाली, "न्या, पुसायला एक खुर्ची कमी." पुढं गावाला चटकच लागली. कुणाचं दुकान बंद पडलं, कुणाचं घर पाडलं, कुणाच्या घरचं माणूस गेलं, की भंगारवाल्याच्या आधी भाऊंना निरोप. एका विहिरीवरून कोर्टात गेलेले दोन सख्खे भाऊ इथला त्या विहिरीचा जुना फोटो बघून तडजोडीला आले. शाळा यायच्या, पाहुणे यायचे. घरी बोलायला कुणी नसलेली म्हातारी माणसं दुपारी पहिल्या मजल्यावरच्या बाकावर येऊन बसायची आणि इथली एकूण एक पाटी कशी चुकीची आहे ते एकमेकांना पटवून द्यायची.

पाट्या सगळ्या भाऊंच्या अक्षरातल्या. सर्वांत जुनी दाराशी होती: 'आत आलेली वस्तू बाहेर जाणार नाही. समितीच्या आदेशावरून.'

ती पाटी भाऊंच्या फार कामी आली. माणूस दुःखात असतो तेव्हा वस्तू देऊन मोकळा होतो आणि वर्षभरानं त्याला नेमकी तीच हवी असते. असे किती आले आणि किती गेले. भाऊ कुणाला तोडून बोलले नाहीत. पाटीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "माझ्या हातात काय आहे? समितीचा नियम."

मग बायकोचे गुडघे गेले. बसायची ती नीट, पण उठवायला भाऊंना दोन्ही हात धरून ओढावं लागे. बाजारातून दोन खुर्च्या आणून पाहिल्या. एक इतकी मऊ की ती त्यात रुतून बसायची, दुसरीला हातच नव्हते. करून घ्यावी तर गावात सुतार उरला नव्हता. त्या सोमवारी भाऊ संध्याकाळी घरी आले तेव्हा ती दुपारपासून एकाच जागी बसलेली होती आणि तिचे कपडे ओले झाले होते. भाऊंनी तिला उठवलं, पुसलं, बदलायला कपडे दिले. तिनं भिंतीकडे तोंड करून ते घातले.

"अहो," ती म्हणाली, "मामंजींची खुर्ची आणा ना."

"ती आता आपली राहिली नाही."

"मग कुणाची? दोरीची? दोरी बांधलीय ना तिला, कुणी बसू नये म्हणून."

भाऊंना रात्रभर झोप आली नाही. तीस वर्षं लोकांना नाही म्हटलं, आता कुठल्या तोंडानं मागायचं? पण ओले कपडे डोळ्यांपुढून हलेनात. सकाळी त्यांनी रीतसर अर्ज लिहिला आणि अध्यक्षबाईंपुढं ठेवला. बाई निवृत्त डॉक्टर, समितीवर येऊन दोनच वर्षं झालेली.

"भाऊ, अर्ज कसला करता? घेऊन जा की," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे खुर्च्या कमी आहेत का? तेवीस आहेत."

"पण नियम आहे."

"कुठला?"

"दाराशी लावलेला."

बाईंनी ठरावांची वही मागवली. पहिल्या पानापासून चाळली, चष्मा पुसून पुन्हा चाळली. तसा ठराव कुठंच नव्हता. "मला वाटायचं, ती पाटी तुम्ही आपली शिस्त म्हणून लावलीय," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या कागदाकडे वळल्या.

भाऊ जिन्याच्या पायरीवर येऊन बसले तेव्हा त्यांना आठवलं. पहिलं वर्ष. एका गृहस्थानं दिलेला कंदील आठवड्यात परत नेला होता आणि कपाट पुन्हा बोडकं झालं होतं. भाऊ रागारागानं घरी गेले, पुठ्ठा घेतला आणि लिहिलं. नुसतं लिहून वजन येईना, म्हणून खाली समितीचं नाव घातलं. समिती म्हणजे तेव्हा चहाला जमणारी तीन माणसं. खोटं रोज वापरात असलं की आपलं आपल्यालाच खरं वाटू लागतं.

खुर्ची मिळाली याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना. एकेक तोंड समोर येऊ लागलं, आणि त्यात सुतारवहिनींचं काही केल्या हटेना. बारा वर्षांपूर्वी सुतार गेला तेव्हा त्यांनी त्याची हत्यारांची पेटी आणून दिली होती. वर्षानं परत मागायला आल्या. थोरला म्हणतोय बापाचं काम करीन, म्हणाल्या. तीनदा आल्या. तीनदा भाऊंनी पाटीकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत खुर्ची चढली, शेजारी पेटी चढली, आणि टेम्पो आधी वहिनींच्या दाराशी थांबला.

वहिनींनी पेटी पाहिली आणि दाराची चौकट धरली. "अगंबाई! समितीनं सोडली कशी?"

समितीनं नियम बदलला, हे वाक्य भाऊंच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं. "समितीचा नियम नव्हताच, वहिनी. तो मी केला होता."

वहिनींनी चौकट सोडली. त्यांची नजर टेम्पोत गेली. "आणि ती खुर्ची?"

"आमच्या घरची. हिचे गुडघे गेलेत. तिला उठता येत नाही."

"हां," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे स्वतःच्या घरावर आलं."

टेम्पोवाल्यानं पेटी ओट्यावर ठेवली. वहिनींनी झाकण उघडलं. करवती, पटाशा, रंधे, सगळं लखलखीत.

"चांगली राखलीत."

"दर महिन्याला तेल देतो."

"थोरला शहरात असतो. एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करतो." रंध्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "हत्यारं काय, दुसरी मिळाली असती. पण बापाची मिळाली नाहीत आणि त्याचं मनच उडालं. मी त्या समितीला अकरा वर्षं शिव्या दिल्या, भाऊ. उठता-बसता दिल्या. आणि तुम्ही रस्त्यात दिसलात की मी घरी येऊन सांगायचे, तो बिचारा काय करणार, माणूस चांगला आहे."

भाऊ उभे राहिले. आता त्या सगळ्या शिव्या आपल्याला द्याव्यात, ऐकून घेऊ, असं त्यांना फार वाटत होतं. ऐकून घेतल्या असत्या तर जरा हलकं झालं असतं. वहिनींनी रंधा जागच्या जागी ठेवला आणि झाकण लावलं.

"उभे काय राहिलात?" त्या म्हणाल्या. "जा लवकर. ती बिचारी केव्हाची अडकून बसली असेल."

भाऊ टेम्पोत चढले.